शहाजीकाका म्हणाले नव्हते

कोपरखैरणे
९ जानेवारी २०२५

आबा,

माझा फोन तुम्ही उचलत नाही, आणि आईच्या फोनवर माझा आवाज आला की उठून गोठ्यात जाता, हे मला माहीत आहे. आई तिच्या लाडक्या सुनेला, उज्वलाला म्हणाली, "त्याला म्हणावं, कागदावर लिहून धाड. लिहिलेलं काही सोडत नाहीत ते. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचतात." म्हणून हे पत्र. कॉलेजनंतर पहिल्यांदाच हाताने एवढं लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

आधी कामाचं. २२ मार्चला, शनिवारी, आमच्या कंपनीचा मोठा कार्यक्रम आहे, वाशीला एका हॉटेलात. पाचशे माणसं असतील. मी बोलणार आहे आणि तुमचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, स्टेजवर खुर्ची. तुम्ही काही बोलायचं नाही, फक्त येऊन बसायचं. तुमच्या वतीने मी हो म्हणून टाकलंय. गाडी पार पाटणपर्यंत पाठवतो.

दिवाळीनंतर तुम्ही ट्रंक उचलून गावी गेलात, त्याला दोन महिने झाले. का गेलात ते मला सांगितलं नाहीत, पण कळतं मला. ती पोस्ट. आता त्या पोस्टचं एकदा नीट सांगतो, म्हणजे तुमच्या मनातली अढी जाईल.

लिंक्डइन म्हणजे नोकरदारांचं मार्केट समजा. तिथे प्रत्येक जण आपला माल मांडून बसलेला असतो, आणि माल म्हणजे तो स्वतः. गोणीच्या तोंडाशी मोठे कांदे लावतात तसं तिथेही चांगलं ते वर ठेवायचं असतं. मी तीन वर्षं तिथे लिहीत होतो आणि कुत्रं विचारत नव्हतं. मीटिंग कशी घ्यावी, टार्गेट कसं गाठावं, असलं काहीतरी. चौदा लोक 'छान' म्हणायचे, त्यातले सहा आमच्याच ऑफिसातले. मग मी कुलदीप सरांचा क्लास लावला. माणसाने आपलं नाव कसं मोठं करावं हे ते शिकवतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुला काय येतं यात कोणाला रस नाही. तू कुठून आलास ते सांग."

मग मी तुमच्यावर लिहिलं. माथाडी कामगाराचा मुलगा, बापाने गोण्या उचलल्या, मुलगा मॅनेजर झाला. अकरा लाख लोकांनी वाचलं, आबा. पन्नास हजार माणसं आता मी काय लिहितो याची वाट बघतात. महाप्याच्या या कंपनीने त्यावरूनच बोलावून घेतलं. लोक तुमच्यासाठी रडले. यात वाईट काय झालं ते मला अजून समजलेलं नाही.

कोणीतरी त्याचं मराठी करून तुमच्या माथाडी टोळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. ते काम माझं नाही. इंग्रजीत ते इतकं लागत नाही.

तुमचा निरोप आईने दिला. "आधी शहाजीच्या दारात जा म्हणावं, मग माझ्याशी बोल." आबा, शहाजीकाकांचं दार दोन गल्ल्या सोडून आहे. ऑफिसच्या बसला जाताना रोज दिसतं. पण जाऊन बोलू काय? मी त्यांचं नाव कुठेही घेतलेलं नाही. आणि तेही काही बोललेले नाहीत. कार्यक्रम एकदा पार पडू दे, मग बघू.

थंडी असेल तिकडे. पाठीला शेक घेत जा.

तुमचा
विश्वजित


कोपरखैरणे
२ फेब्रुवारी २०२५

आबा,

उत्तर येईल असं वाटलं नव्हतंच. आई म्हणाली, पत्र तुम्ही दोनदा वाचलंत आणि म्हणालात, "गाडी पाठवतो ते लिहिलंय. काय केलं ते लिहिलं नाही." बरं. लिहितो.

पोस्टची पहिली ओळ अशी होती: माझ्या बापाच्या मोडलेल्या पाठीवर मुकादमाने गोणी ठेवली. पहिली ओळ अशी लागते की वाचणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे. पुढे लिहिलं की बाबा अंथरुणाला खिळलेले असताना मुकादम दारात आला आणि म्हणाला, ऊठ, नाहीतर नाव कापतो. चौदा वर्षांचा मी दारामागून बघत होतो. बाबा वाकलेल्या पाठीने उठले आणि गेले. त्या दिवशी मी ठरवलं, वगैरे.

मुकादमाचं नाव घेतलं नाही हे मी मागे लिहिलं, तेही तसं खरंच. पण तुमच्या टोळीला तीस वर्षांत मुकादम एकच होता, शहाजीकाका. ते लिहिताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं म्हणालो तर तुम्ही हा कागद चुलीत घालाल, म्हणून म्हणत नाही.

खरं काय झालं ते तुम्हाला काय सांगायचं. तरी लिहितो, म्हणजे मला आठवतं हे तुम्हाला कळेल. २००९ च्या उन्हाळ्यात तुम्ही ट्रकच्या फळीवरून घसरलात. चार महिने पलंगावर. तुमच्या टोळीची रीत होती की घरी पडलेल्या माणसाचं नाव सकाळच्या हजेरीत सगळ्यात आधी पुकारायचं, आणि मुकादमाने त्याच्या जागी "आहे" म्हणायचं. मग त्याच्या वाटणीच्या गोण्या सगळ्यांनी पाळीपाळीने उचलायच्या. शाळेला सुट्टी होती तेव्हा मी शहाजीकाकांबरोबर मार्केटला गेलो होतो, माझ्या कानांनी ऐकलंय. रावसाहेब. आहे. मला हसू आलं होतं, कारण तुम्ही तेव्हा घरी एरंडेल लावून पडला होतात. काकांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. शनिवारी ते तुमचा वाटा घेऊन यायचे, आणि तो विषय निघू नये म्हणून आल्या आल्या क्रिकेट काढायचे.

पहिल्या खर्ड्यात मी हेच लिहिलं होतं, आबा. हजेरीचं सगळं लिहिलं होतं. कुलदीप सरांनी वाचलं आणि म्हणाले, "गोड आहे. पण यात कोणी वाईट नाही. वाचणाऱ्याने राग कोणाचा करायचा? एक व्हिलन दे." मी म्हटलं, तसं कोणी नव्हतं. ते म्हणाले, "बाकीच्या टोळ्यांत असेलच ना? कोणाच्या तरी बापाशी कोणीतरी असं बोललंच असेल. त्यांची गोष्ट सांगतोयस असं समज." मला ते पटलं. पटवून घ्यायला अर्धा तासही लागला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग पोस्ट काढून टाक. काढली तर लोक विचारतील का काढली. कंपनीत माझी ओळखच ती आहे. सहा महिन्यांची मुदत मार्चअखेर संपते, त्यानंतर मला कायम करायचं की नाही ते ठरेल. हाताखाली माणसं, ऐरोलीला मोठं घर, सगळं त्यावर आहे. दगडाखाली हात सापडलाय, हळूहळूच काढावा लागेल. तुमच्यासारखा तडकाफडकी स्वभाव मला परवडत नाही.

शहाजीकाकांकडे गेलो नाही अजून. परवा ते गल्लीच्या तोंडाशी दिसले, थांबून दम घेत होते. मी फोन कानाला लावला. फोन आलेला नव्हता.

विश्वजित


कोपरखैरणे
२३ फेब्रुवारी २०२५

आबा,

आईने दोनच शब्द सांगितले. "फोटोचं काय?"

मला वाटलं होतं, फोटो तुम्ही पाहिला नसेल. मोबाइलवर बारीक दिसतो.

तुमच्या ट्रंकेत तो माथाड्याचा फोटो होता ना, पाठीवर गोणी, पायाखाली फळी, मागे ट्रक. मार्केटवर काही छापायचं म्हणून एक फोटोग्राफर आला होता, त्याने टोळीला प्रती पाठवल्या होत्या. तो मी तुम्ही मार्केटला... नाही, तेव्हा तुम्ही मार्केट सोडलं होतं, गावी जत्रेला गेला होतात. तेव्हा ट्रंक उघडून मोबाइलवर काढून घेतला. पोस्टला फोटो हवाच असतो. तुमचा एकही फोटो कामावरचा नाही. लग्नातले आहेत, फेट्यातले. फेट्यातल्या माणसासाठी कोण रडणार?

फोटोतला माणूस शहाजीकाका आहेत हे मला माहीत होतं. तो फोटो त्या चार महिन्यांतलाच. काका स्वतः आणून देताना म्हणाले होते, "रावसाहेब, ही गोणी तुझ्या वाटणीची हाय. तुझ्याच घरी ऱ्हाऊ दे." तुम्ही दोघे हसला होतात आणि तुम्हाला हसताना पाठीत कळ आली होती. फोटोखाली मी लिहिलं, माझे वडील.

मनाला समजावलं की गोणी तर तुमचीच होती. चेहरा गोणीखाली झाकलेला. पण मार्केटात माणूस चेहऱ्याने ओळखतच नाहीत हे मी विसरलो. डावं पाऊल बाहेर टाकून चालणारा तिथे एकच होता, ते टोळीतल्या कोणीही सांगितलं असतं. म्हणजे मी शहाजीकाकांची पाठ तुमची म्हणून लावली आणि खाली लिहिलं की त्या पाठीवर शहाजीकाकांनीच गोणी ठेवली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसं झालं. लिहितानाही लाज वाटतेय.

तुम्ही रागावून गेलात असं मी धरून चाललो होतो. परवा उज्वला म्हणाली, "आबा रागावलेले नाहीत. त्यांना शरम वाटते. शहाजीकाकांपुढे उभं राहायला नको म्हणून गेलेत." म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. ती हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलते.

एक वाईट बातमी आहे. शहाजीकाका हॉस्पिटलात आहेत. फुप्फुसं गेलीत म्हणतात. उज्वला एक दिवसाआड प्रेमलाकाकूंना डबा नेते. आईलाही तिने फोनवर सांगितलंय, आणि तुम्ही म्हणालात, "कुठल्या तोंडाने जाऊ." तोंड तर मला नाही, आबा. तुमचं काय चुकलं?

कार्यक्रमात तोच फोटो स्टेजमागच्या पडद्यावर लावणार आहेत, दोन माणसं उंच. मी दुसरा सुचवून पाहिला. आमच्या मॅडम म्हणाल्या, "नको, याच फोटोने तर माणसं रडतात." मी मान डोलावली.

सत्काराचं मी रद्द करायला सांगितलंय. वडिलांची तब्येत बरी नाही असं कळवलं. आणखी एक खोटं, पण हे तुमच्यासाठी.

विश्वजित


कोपरखैरणे
१८ मार्च २०२५

आबा,

काल संध्याकाळी मी शहाजीकाकांकडे जाऊन आलो.

काका पलंगावर बसले होते, नाकात नळी. झोपलं की दम लागतो म्हणून बसूनच असतात. इतके वाळलेत की मी आधी शेजारच्या पलंगाकडे बघत होतो. त्यांनीच हाक मारली. "आरं विश्वा, ये की. कवाधरनं दारात हुबा हायस?" प्रेमलाकाकूंनी स्टूल दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मी पाठ करून गेलो होतो काय बोलायचं ते. पहिल्याच वाक्याला अडखळलो. म्हटलं, काका, मी ते जे लिहिलं... त्यांनी हात वर केला.

"वाचलं म्या. हिच्याकडनं दोनदा वाचून घेतलं. फोटूचं सोड, गोनीखाली कुनाचं बी थोबाड असंना. पर एक इचारू का? मी कवा म्हनलो रं तसं तुझ्या बापाला?"

मी म्हटलं, "कधीच नाही, काका. तुम्ही म्हणाला नव्हता. मी मनाचं लिहिलं ते."

 ते लहान पोराला चुचकारावं तसं म्हणाले, "माजं मन राखाया बोलू नगंस. तू शिकल्यालं पोर. लाखानं मानसं वाचत्यात, त्यात खोटं कशापायी लिवशील? दारामागनं बघत हुतो म्हनून लिवलंयस. बघितल्याबिगार कोन लिवतं व्हय?"

मी शपथ घेतली. आईची घेतली, तुमची घेतली. ते मान हलवत राहिले.

"मला आठवत न्हाई, म्हनून तर इचारतो. गाडी लागल्याली आसली की मुकादमाच्या तोंडाला कुठं दावं आसतं. बोललो आसंन कवातरी चिडून. रावसाहेबाच्या मनात ऱ्हायलं आसंल. तवाच तर गेला. चाळीस वर्सांचा गडी माजा, जातो म्हनून बी म्हनला न्हाई. बिनकारनाचा आसा जाईल व्हय त्यो?"

एवढं बोलून त्यांना इतका खोकला आला की नर्स धावली. काकूंनी मला बाहेर काढलं. जिन्यात म्हणाल्या, "महिना झाला, ह्येच चाललंय. टोळीतला कोन बी भेटाया आला की त्याला इचारत्यात, मी तुला कवा टाकून बोललो का रं? ती मानसं रडत्यात. रातच्याला उठून एकेकाचं नाव घेत्यात. आयुष्यभर कुनाचं वाईट केलं न्हाई त्यांनी, आन आता जाताना ह्यो हिशेब मांडून बसल्यात." मग त्या आत गेल्या.

आबा, मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडले असतील. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलाय. तेही मी लिहिलं त्यावर. आणि तुम्ही शरमेने गेलात, ते त्यांनी पुरावा म्हणून धरलंय.

मी कितीही सांगितलं तरी त्यांना पटत नाही. त्यांना फक्त तुमचं पटेल. तुम्ही यायचं, त्यांच्याजवळ बसायचं आणि म्हणायचं, शहाजी, तू असं म्हणाला नव्हतास. बाकी काही नको. डॉक्टर म्हणतात आठवडा, फार तर दोन.

हे पत्र मिळालं की त्याच पावली निघा. घरी येऊ नका, माझ्याशी बोलू नका, थेट हॉस्पिटलात जा. उज्वलाला पत्ता माहीत आहे. हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितोय.

विश्वजित


कोपरखैरणे
६ एप्रिल २०२५

आबा,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. उज्वला उद्या गावी येतेय, तिच्या हाती देतोय. परत कधी येणार ते तिने सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. ती लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. लिहिल्यावरही येईल असं नाही.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता मी हॉस्पिटलातून निघालो. साडेसातला घरी होतो. उज्वला भाकऱ्या थापत होती. तिला एवढंच म्हणालो असतो की शहाजीकाकांना वाटतंय आपण आबांना तसं बोललो होतो, तर पिठाच्या हाताने तिने आईला फोन लावला असता. तुम्ही रात्रीची गाडी धरली असती. मंगळवारी सकाळी तुम्ही त्यांच्या उशाशी असता. ते शनिवारपर्यंत चांगले शुद्धीवर होते.

मी तिला म्हणालो, "बरे आहेत काका. झोपले होते."

मग गच्चीवर जाऊन कुलदीप सरांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं, अगदी रडत रडत.  ते म्हणाले, "हे तुला सांगावंच लागणार, आज ना उद्या. दुसऱ्याने उघडं पाडलं तर तू खोटारडा. तू स्वतः सांगितलंस तर हिंमतवाला. शनिवारी स्टेज आहेच तुझ्याकडे. तोपर्यंत कोणाजवळ एक शब्द काढू नकोस. बातमी आधी फुटली तर त्यात जीव राहत नाही."

तुम्ही आला असता तर टोळी तुमच्याबरोबर आली असती. बोलाचाली झाली असती, ग्रुपवर आली असती, ऑफिसात पोचली असती. शनिवारच्या आधी. म्हणून मी तुम्हाला पत्र लिहिलं. मंगळवारी लिहिलं आणि बुधवारी पेटीत टाकलं, साध्या टपालाने. स्पीड पोस्टची खिडकी उघडी होती, रांगही नव्हती. माझी तीन पत्रं गावी पोचायला किती दिवस लागले ते मला आईकडून माहीत होतं. बुधवारचं पत्र सोमवारच्या आत येत नाही.

"त्याच पावली निघा" असं मी त्यात लिहिलं. ते लिहिताना माझे डोळे भरून आले होते, हेही खरं. दोन्ही खरं आहे, आबा. तेच मला कळत नाही.

शनिवारी स्टेजवर मी सगळं सांगितलं. मागे पडद्यावर शहाजीकाका गोणी घेऊन उभे होते. मी म्हणालो, हे माझे वडील नाहीत.  हजेरीचं सांगितलं, हॉस्पिटलचं सांगितलं, काका काय म्हणाले तेही त्यांच्याच शब्दांत सांगितलं. पाचशे माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. मॅडमनी मला मिठी मारली. तो व्हिडिओ पहिल्या पोस्टच्या दुप्पट लोकांनी पाहिलाय. असं खरं बोलायला काळीज लागतं, असं लोक खाली लिहितात. मला कायम केलंय, वरची जागाही दिलीय. सगळ्यांनी मला माफ केलं. त्यांचं काय जातंय.

मी स्टेजवरून उतरलो, माणसं हात मिळवत होती, साडेआठ झाले होते. काकूंनी नंतर सांगितलं की त्या वेळेला काकांनी विचारलं, "रावसाहेब आला का?" काकू म्हणाल्या, येतील. त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत. रविवारी पहाटे गेले.

उज्वलाने आईला फोन केला. तुम्ही चार वाजता पोचलात. टोळीने तुमच्यासाठी थांबवून ठेवलं होतं. तुम्ही हातात हार घेऊन उभे राहिलात, फुलं वाहिलीत, पाया पडलात. पाठ वाकवता येत नाही म्हणून दोघांनी तुम्हाला धरलं होतं. तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत. काय बोलायला हवं होतं ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं. त्या वेळी ते सगळ्या जगाला ठाऊक होतं, व्हिडिओत होतं. तुम्हाला तेवढं ठाऊक नव्हतं. मी चार हातांवर उभा होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. मला वाटलं, आता वरातीमागून घोडं कशाला.

तुम्ही माझ्याकडे न बघता संध्याकाळच्या गाडीने परत गेलात.

रविवारी रात्री उज्वलाने व्हिडिओ पाहिला. शेवटपर्यंत पाहिला, मग विचारलं, "हे तुला सोमवारीच कळलं होतं?" मी हो म्हणालो. तिने फोन पालथा ठेवला. तेव्हापासून या घरात माझ्याशी कोणी बोललेलं नाही, फक्त एकदा सोडून.

सोमवारी दुपारी पोस्टमनने तुम्हाला माझं पत्र दिलं. तुम्ही ओट्यावर बसून वाचलंत, हे आईने उज्वलाला सांगितलं, आणि उज्वलाने मला, कारण ते मला कळलंच पाहिजे असं ती म्हणाली. वाचून झाल्यावर तुम्ही आत गेलात, बाहेरचा सदरा घातलात आणि आईला विचारलंत, मुंबईची गाडी किती वाजता आहे. आई म्हणाली, अहो, आता कशाला? कालच तर जाऊन आलात.

तुम्ही म्हणालात, "शहाजीला सांगायचं राहिलंय."

विश्वजित